रविवार, अकरा वाजता, मागची खोली

पीत होतो तेव्हाचे माझे किस्से दुसरेच लोक रंगवून सांगायचे. सोडल्यापासूनचे मलाच सांगावे लागतात, आणि ते साठतच चाललेत. अडचण एवढीच, की त्यातले निम्मे मला अजून कळलेले नाहीत! दारू सोडलेल्यांच्या ग्रुपमधली नावं बाहेर सांगायची नसतात, म्हणून सगळी बदललीत. माझंसुद्धा.

मी दत्ता. नेवाशात पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. बायको, सुनीता, मुलीला घेऊन पुणतांब्याला माहेरी निघून गेली. जाताना टेबलावर चिठ्ठी ठेवली. 'नगरला दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते. रविवार, अकरा वाजता, मंगल कार्यालयाची मागची खोली. जमलं तर जा. नाही जमलं तर मला आणायला येऊ नका.'

गेलो. पण मागची खोली कुठंय हे विचारायची लाज वाटली, म्हणून गर्दी दिसली तिथं घुसलो. दारातल्या बाईंनी छातीवर बिल्ला लावला, खुर्ची दिली, चहा दिला. म्हटलं, दारुड्यांची काय ही बडदास्त! लोक एकेक करून माइकवर नाव, गाव, शिक्षण सांगत होते. शिक्षण कशाला, काही कळेना. माझा नंबर आला. सगळा धीर एकवटून म्हणालो, "मी दत्ता, नेवाशाचा. मी दारुडा आहे. बायको सोडून गेलीय."

तो वधू-वर मेळावा होता!

मागून एक आजोबा म्हणाले, "सकाळपासून हा पहिलाच खरं बोलला!"

*

खऱ्या खोलीत पोचलो, तर नऊ प्लास्टिकच्या खुर्च्या आणि समोर रशीदभाई. धंद्यानं टेलर, चौदा वर्षं दारूला शिवलेले नाहीत. ना डॉक्टर, ना औषध, ना भाषण. मी विचारलं, "मग करायचं काय?"

"फक्त आजचा दिवस प्यायची नाही."

"आणि उद्या?"

"उद्या उठलात ना, की तो पण आजच असतो."

परतीच्या एसटीत मी याच्यावरच विचार करत बसलो. घोडेगाव गेलं, तरी उलगडा होईना. त्या नादात उतरायचा नेवासा फाटासुद्धा मागं पडला. कंडक्टर ओरडला, "काय राव, लावलीय का?"

किती वर्षांनी तेव्हाच लावलेली नव्हती!

*

पुढं एका दुपारी दुकानात बसल्या बसल्या घसा कोरडा पडला. रशीदभाईंनी सांगून ठेवलं होतं, ग्लास उचलायच्या आधी फोन उचला. उचलला.

"भाई, प्यावीशी वाटतेय."

"बरं. मला सांगा, सफारीला खिसे तीन असावेत का चार?"

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा सांगितलं. "ते कळलं हो," म्हणाले, "पण चौथा खिसा वाकडा दिसतो की नाही?" चाळीस मिनिटं आम्ही खिशावर भांडलो. मग "गिऱ्हाईक आलंय" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

माझं डोकंच फिरलं. इथं माझा जीव चाललाय आणि हा माणूस खिसे शिवतोय! रागारागानं एक अख्खी मोटार भरून काढली. घरी जाऊन जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं, प्यायची राहूनच गेली!

*

तीन महिन्यांनी सुनीताला फोनवर सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. नंबर घेऊन तिनं थेट रशीदभाईंनाच लावला.

"आमचे मिस्टर येतात का तिथं?"

"वहिनी, कोण येतं ते आम्हाला सांगता येत नाही."

"म्हणजे येत न्हाईत!"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग येतात?"

"तसंही नाही म्हटलं."

पुढच्या रविवारी ती स्वतःच आली आणि खिडकीबाहेर उभी राहिली. मला काय माहीत! मी आत माझा एक जुना किस्सा सांगत होतो. मुलीच्या शाळेत बक्षीस समारंभाला मी पिऊन खुर्चीवरून पडलो आणि पोरगी मैत्रिणींना म्हणाली, 'हे आमचे पप्पा नाहीत.'

बाहेर आलो तर सुनीता समोर. डोळे लाल. म्हणाली, "तुमी ऐकलं हुतं तिचं?"

"हो."

"मला वाटलं, मी एकटीनंच ऐकलं."

ती माझ्याबरोबर नेवाशाला आली. दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन मुलीला घेऊन आलो. पण त्या एसटीत पोरगी रस्ताभर एक शब्द बोलली नाही. रागात होती का आनंदात, विचारायची हिंमत अजून झालेली नाही!

*

ग्रुपमध्ये पाथर्डीकडचे एक काका यायचे. दर रविवारी दाराजवळ बसायचे, चहा घ्यायचे, सगळ्यांचं ऐकायचे, स्वतः अवाक्षर नाही. आठ महिने! एका रविवारी ते अचानक उठून उभे राहिले. रशीदभाई खूश.

"बोला काका. किती दिवस झाले?"

"कशाला?"

"न पिता."

काकांनी जरा विचार केला. "एक्काहत्तर वर्सं."

इथं दिवस सांगितले की टाळ्या वाजवायची पद्धत आहे. आता वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना. कुणीतरी विचारलं, "म्हणजे तुम्ही कधीच...?"

"न्हाई. पोरगं पितंय. लई पितंय. त्याला किती येळा म्हनलं चल, त्ये येत न्हाई. घरातलं कुनीतरी यायला पायजे ना?"

काका काही खाली बसेनात.

"तेवढी त्याची हजेरी लावा," म्हणाले.

आमच्याकडं हजेरी नसते. रजिस्टर नाही, खरं नावसुद्धा कुणी विचारत नाही. मी रशीदभाईंकडं बघितलं. त्यांनी खिशातून गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही काढली, कोरं पान उघडलं आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली.

"काय नाव लिहू, काका?"