रत्नाकरचा ठेका

देवासच्या एका कारखान्यात नऊ वर्षं पत्रे ठोकून रत्नाकरचे कान जवळजवळ गेले होते, पण बायको प्रेमलाशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तो माधवच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. १९८३ साली माधवने स्वतः रचलेल्या आठ गाण्यांची कॅसेट काढायला सगळे इंदूरला गेले. पहिल्याच गाण्यात रत्नाकर तीनदा चुकला. मग त्याने ताल धरणाऱ्या माधवच्या पायावर नजर रोखली आणि आठही गाणी निभावून नेली.

गणपतीत कॉलनीच्या मांडवात कार्यक्रम होता. ऐन गाण्यात वीज गेली. माइक, गिटार, ऑर्गन, सगळं बंद पडलं. माधवचा पाय दिसेना, म्हणून रत्नाकर मनातल्या मनात मात्रा मोजत वाजवतच राहिला. लोक आधी हसले, मग ओरडले, "भिया, अब बस करो!" शेवटी माधवने चाचपडत येऊन त्याचे दोन्ही हात धरले.

कंदील आल्यावर माधवने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "कधीपासून रे?"

"दोन वर्षं झाली."

"मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर वाजवू दिलं असतंस?"



पुढच्या कार्यक्रमाला इंदूरचा ड्रमर आला. दिवाळीत कॅसेट निघाली. प्रेमलाने ती पूर्ण ऐकली आणि ती मोठ्याने म्हणाली, "छान वाजवलंयत हो." रत्नाकरने मान हलवली, जेवणाचा डबा उचलला आणि तो आता संध्याकाळच्या पाळीला निघाला.