ओवीनानांची अँटेना

ओवीनाना साधं बोलणं जवळजवळ विसरलेच होते. एसटी चुकली, वरण करपलं, क्रिकेटचा सामना हातचा गेला, की लगेच ओवी तयार! त्यांचे वडील आबा दर श्रावणात मारुतीच्या देवळात एक शेकडो वर्षं जुनी पोथी वाचायचे. तिच्याच चालीवर नाना सिनेमातले हिरो नि टीव्हीवरच्या मालिका बसवायचे. दिवसा धरणगावच्या जिनिंगमध्ये कापूस मोजायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून आम्हा सगळ्यांची हसवून पोटं दुखवायचे. आबांसमोर मात्र एक अक्षर काढायची छाती नव्हती.

पोथीतला भक्त देवाच्या दारी दोन्ही हात उभारून ताटकळतो. त्या करुण ओवीचं नानांनी एका गणपतीत असं करून टाकलं :

चढला गडी छपरावरी । अँटेना धरून दोन्ही करी ।
खालून गरजे अस्तुरी । हलू नका ॥

गल्लीत टीव्ही नवा होता आणि प्रत्येक घरचा गडी बायकोचा आरडाओरडा ऐकत छपरावर चढून आलेला. ती ओवी गावभर झाली. मी गावच्या शाळेत शिकवायचे; माझ्या वर्गातली मुलं कवितेच्या तासाला तीच म्हणायची. मी तक्रार केली तर नाना म्हणाले, "बाई, पोथी केवढी जुनी शे! तिले काय व्हणार?"

पुढच्या श्रावणात वाचता वाचता आबा त्या करुण ओवीपाशी आले. तिथे त्यांचा आवाज दरवर्षी दाटायचा, बायका डोळ्यांना पदर लावायच्या. या वेळी मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं देऊळच हसू लागलं. आबा थांबले. त्यांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. हसू वाढलं.

"काय चुकनं रे मन्हं?" त्यांनी शेजारी बसलेल्या नानांना विचारलं.

"काही नही, आबा," नाना खाली बघत म्हणाले.

आबांनी पोथी मिटली. डोळे साथ देत नाहीत, असं सांगून त्यांनी वाचन कायमचं सोडलं. नानांच्या ओव्याही त्या दिवसापासून बंद झाल्या. कुणी फारच आग्रह केला तर ते उठून चालू लागत. मला एकदा म्हणाले, "लोक हासनात ना बाई, तवय पहिले माले बरं वाटनं. बापकडे मंग देखं मी." तेव्हा आधी ते सुखावले होते, बापाचा चेहरा त्यांनी नंतर पाहिला. हसणाऱ्यांत मीही होतेच.

बापाला सांगायचा धीर व्हायला त्यांना बरीच वर्षं लागली. तोवर आबांना खरोखरच दिसेनासं झालं होतं, अंथरूण सुटत नव्हतं. मी भेटायला गेले होते तेव्हाच नाना त्यांच्या पायाशी बसून सगळं बोलले. अँटेनाची ओवीसुद्धा म्हणून दाखवली, रडत रडत. आता आबा भडकणार, असं मला वाटलं.

आबांनी आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाले, "म्हंजे मी बरोबर वाचं व्हतं?"

"बठ्ठं बरोबर, आबा. एक अक्षर चुकनं नही."

आबांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. त्यांनी चाचपडत नानांचा हात धरला.

"तवयच सांगनं व्हतं रे," ते म्हणाले. "तवय माले दिसे."