धाब्याखालची ओल

ज्वारीची कणगी भिंतीपासून हातभर पुढे ओढली, ते आमचं दोघांचं शेवटचं काम. मी पुढून ओढत होतो, बायको मागून रेटत होती. कणगी हलेना.

ती म्हणाली, "वढा ना. नुसती कवटाळीसन काय उभा ऱ्हायनात?"

मी म्हणालो, "तू रेट आधी. तुन्हा सगळा जोर तोंडमा शे."

ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली. खोकला बसेपर्यंत मी थांबलो. मग परत जोर लावला, तेव्हा कणगी सरकली. मागची भिंत कंबरेइतकी काळी पडली होती. ज्वारीत हात घातला तर दाणे कोमट लागले, वास कुबट.

श्रावण होता. लढाईची वर्षं होती, घासलेटसुद्धा मिळत नव्हतं. किती दिवस ऊन नव्हतं ते आता आठवत नाही.

हे घर मी माझ्या हातानं बांधलं. हातभर जाड मातीच्या भिंती, वर सागाच्या दांड्या, त्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि त्यावर खारी माती. आमच्या तापीकाठच्या गावांत असंच सपाट धाबं असतं. खारी माती पावसाचं पाणी खाली येऊ देत नाही. धाब्याला मध्ये एक भोक ठेवतात, उजेडाला आणि धुराला. त्याला आम्ही सानं म्हणतो. पाऊस आला की त्यावर मडकं पालथं घालायचं, उघडला की काढायचं. लोक काढतात. मी काढत नसे. आखाड लागला की मडक्याच्या कडेनं चिखल लिंपून टाकायचो, तो दसऱ्यापर्यंत. रोज कोण चढणार?

बायको खांडबाऱ्याकडची. तिकडे पाऊस आमच्यापेक्षा पुष्कळ, पण घरं बांबूच्या कुडाची आणि वारा खेळावा म्हणून कुडाचा वरचा वीतभर भाग लिंपायचा नाही अशी त्यांची रीत. माझ्या घरातल्या पहिल्याच पावसाळ्यात ती म्हणाली, "हाई घर नही, कोठार शे." मी तिला कुडातली म्हणून चिडवायचो. ती खालून लांब काठीनं मडकं ढोसून सरकवायची, मी वर चढून परत लिंपायचो. असे किती पावसाळे गेले. ते भांडण नव्हतं, खेळच होता.

मग तिला खोकला धरला. पावसाळ्यात वाढायचा, थंडीत जरा कमी व्हायचा. वैद्यानं मला सांगितलं, बाईला ओलीत ठेवू नका. मी दोन बुकं शिकलेला माणूस. ओल बाहेरून येते एवढंच मला कळत होतं. म्हणून मी घर आणखी बंद केलं. दाराला गोणपाट लावलं. ओलं लुगडं बाहेर वाळेना, तर घरात दोरी बांधून दिली. पऱ्हाट्या भिजू नयेत म्हणून चुलीजवळ रचल्या. दांड्यांना खालून पाण्याचे थेंब लोंबायला लागले. मी ठरवलं की धाबं गळतंय. पाट्या भरभरून खारी माती वर नेली.

ती म्हणाली, "वरतून नही ये ते. आपलंच पानी शे. डाळ शिजस, लुगडं वाळस, ते पानी कोठे जाई?"

मी म्हणालो, "हाई कुडमा शिकनी का?"

तर त्या दिवशी कणगी सरकवली आणि पाऊस जरा थांबला. काळ्या भिंतीच्या बरोबर वर कुठं गळतं ते बघायला मी कुदळी घेऊन चढलो. बोटभर वरची माती ओली होती. त्याखाली पिठासारखी कोरडी. दुसरीकडे खणलं. तिथेही कोरडी. मी तिथेच उकिडवा बसलो. माझ्या पायाखाली ती खोकत होती, ते वर ऐकू येत होतं. मडकं माझ्यापासून दोन हातांवर होतं. लाथ मारली असती तरी चाललं असतं.

मी खणलेलं बुजवलं आणि खाली आलो.

तिनं विचारलं, "काय दखं?"

"गळी ऱ्हायनं. आजून दोन पाट्या माती टाकसू."

"टाका," ती म्हणाली.

इतकी वर्षं मी तिला खोटं पाडलं होतं. एका दिवसात कसं म्हणू की तुझं खरं होतं. मनात ठरवलं, उद्या गुपचूप मडकं काढायचं, काही बोलायचं नाही.

ती भाकरी करायला बसली. पऱ्हाट्या ओलसर, सगळा धूर घरात भरला. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. मी तिला चुलीपासून ओढून दारापाशी आणलं, गोणपाट फाडून टाकलं, पाठ चोळत बसलो. तिला बोलता येत नव्हतं. मला येत होतं. माती कोरडी निघाली, एवढंच सांगायचं होतं. तेही मी सांगितलं नाही. दुपार कलायच्या आत ती गेली.

माणसं जमली. शेजारच्याला धूर सहन होईना. त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली आणि मला न विचारता खालून मडकं ढोसून बाजूला केलं. धूर हळूहळू वर निघून गेला. एवढंच काम होतं. पाऊस उघडला होता तोवर तिला नेलं. लेक तापीपलीकडे दिलेली, नदीला पूर, ती पोचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी थोरली बहीण शेणाची पाटी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. माणूस गेलं ती जागा सारवून तिथे दिवा ठेवायची आमच्यात रीत आहे.

"सरक भाऊ, सारवी ल्हेऊ दे."

"सारवू नको."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. आजून पानी नको ह्या घरमा."

ती पाटी घेऊन निघून गेली. मी फुटक्या घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे भरले, त्या जागेवर ठेवले आणि सुपानं वारा घालत बसलो. जमीन कडेनं फिकी होत गेली. मधे हात लावून बघत होतो, गार लागत होती. मग घमेलं थोडं सरकवायचो, परत वारा घालायचो. पुरती वाळली तेव्हा दिवा ठेवला.