अक्कांची वाटी

पिल्लू मांडीवर येऊन झोपतं तेव्हा मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्याची आई माझ्यामुळे गेली, हे त्याला ठाऊक नाही.

हेब्बाळ तलावाजवळच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक अक्का भाड्याने राहतात. घराणं इथलंच, कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी, त्यातही निम्मं कन्नड. पार्किंगमधल्या पाण्याच्या टाकीमागे त्या एका करड्या मांजरीला रोज दूधभात घालायच्या. स्टीलच्या वाटीवर चमचा वाजला की मांजर आणि तिच्यामागे तीन पिल्लं हजर. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं.

एकदा दुसऱ्या मजल्यावरचे काका गाडीवर उमटलेल्या पावलांवरून अक्कांवर ओरडले. अक्का नुसतं "सरी अण्णा", म्हणजे बरं दादा, म्हणाल्या आणि वाटी आणखी आत सरकवली. त्यांच्या लेखी विषय संपला. रक्त उकळलं ते माझं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्याकडे जेवताना ताटाखालीसुद्धा जुनी पत्रकं अंथरलेली असत. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे मला दात घासण्याइतकं अंगवळणी पडलेलं. त्याच संध्याकाळी लिहिलं, 'ही जागा फक्त गाड्यांची नाही!' कन्नड आणि इंग्रजीत छापून प्रत्येक दाराखालून सरकवलं. अक्कांच्याही. त्यांना आधी विचारावं, असं मनातसुद्धा आलं नाही. ज्यांच्या बाजूने लढायचं, त्यांना काय विचारायचं?

रविवारी रहिवाशांची बैठक बसली. आजवर काणाडोळा करणाऱ्यांना आता बाजू घ्यावी लागली आणि त्यांनी गाड्यांची घेतली. मी तावातावाने बोलत होते. अक्का मागच्या खुर्चीत बसून होत्या. हात कुठल्याच बाजूने वर केला नाही.

त्याच आठवड्यात पिंजरा घेऊन माणूस आला. आई आणि दोन पिल्लं सापडली. तलावापलीकडे सोडली म्हणे. तिसरं टाकीमागच्या फटीत लपून बसलं होतं. अक्कांनी ते पदरात गुंडाळून माझ्या दारात आणलं.

"घे. घरमालकाचा फोन आलाय. माझ्याच्यानं आता ठेवणं होत नाही."

"अक्का, मी पुन्हा एक पत्रक..."

"बेडा गं बाई!" त्यांनी चक्क हात जोडले. "कागद नको. दूध दे त्याला, स्वल्प कोमट करून."

पिल्लू लाघवी निघालं. उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर उड्या मारतं, एखादं फाडून त्याचा बोळा माझ्या पायाशी आणून टाकतं, मग मानेत नाक खुपसून गुरगुरतं. मैत्रिणी म्हणतात, "नशीबवान आहे, तू वाचवलंस." एरवी कुणाचं चुकीचं वाक्य मी खपवून घेत नाही. हे घेते.

शेवटी खाली जाऊन अक्कांना विचारलं, "त्याच्या आईला शोधायला येता?"

त्यांनी वाटी धुऊन चमच्यासकट हातात घेतली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "वाटी घेऊन कुठं, अक्का? जेवायला?"

"जेवायला घालायला," अक्का म्हणाल्या.

तलावापलीकडच्या रस्त्यावर त्या थांबत थांबत वाटी वाजवत गेल्या. कुत्री आली. एक लंगडा बोका आला. ती आली नाही.

परतल्यावर अक्का पुन्हा जिना चढून माझ्याकडे आल्या. दारात उभं राहून त्यांनी वाटीवर चमचा वाजवला. पिल्लू पलंगावरून झेपावलं. वाटी हुंगलीही नाही; आमच्या पायांमधून थेट जिन्यापर्यंत धावलं आणि खाली पार्किंगकडे बघत बसलं.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या वाकल्या नाहीत.

"तूच उचल," म्हणाल्या.