तुमी आमच्याच वकील ना?

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. वडील होते तोवर त्यांनाही नाही — आणि त्यांना तर अर्धं ठाऊकच होतं. आज तुम्हाला का सांगते आहे, ते मला नीट सांगता येणार नाही. पण तोंड उघडलंच आहे, तर आता मागे फिरत नाही.

आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं. मी एका पोलीस कार्यालयात विधी अधिकारी होते. कुठल्या, ते राहू द्या. चोर-दरोडेखोरांशी माझा संबंध यायचा नाही. माझा संबंध पोलिसांशीच. पोलिसालाही नोकरी असते, रजा असते, बढती असते, आणि चूक झाली की त्याची विभागीय चौकशी होते, हे बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. कुणाची वेतनवाढ थांबते, कुणी निलंबित होतो, कुणाला कायमचं घरी पाठवतात. अशा चौकशीत कार्यालयाची बाजू कायद्याला धरून आहे का, ती पुढे टिकेल का, हे मी पाहायचं.

कार्यालयाची बाजू. शिपायाची नव्हे. हा फरक मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. शिपायांना नसायचा. ‘आपल्या वकील मॅडम’ म्हणायचे ते मला. मी कधी कुणाची समजूत दुरुस्त केली का? नाही केली. बरं वाटायचं ऐकायला.

माझी नेमणूक कंत्राटी होती. मुदत संपत आली की साहेबांच्या शिफारशीवर पुढची मिळायची. ही सबब नाही. तेव्हा माझ्या डोक्यात काय चालू होतं, एवढंच सांगते आहे.

आणि आता छाया.

छाया शिपाई होती. पवना नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात एक वाडी आहे, तिथली. वाडीतली पहिली सरकारी नोकरीवाली. अंगाने किरकोळ, पण चालणं असं, की आपण मागे पडावं. तिच्यावर आरोप होता, ताब्यातली बाई पळून जाऊ दिल्याचा.

झालं असं. चोरीच्या गुन्ह्यात धरलेल्या एका बाईला छायाने सरकारी दवाखान्यात तपासणीला नेलं होतं. बरोबर दोघी जायला हव्या होत्या. पण शनिवार होता, लोणावळ्यात पर्यटकांची गर्दी उसळली होती, आणि दुसरीला ऐन वेळी बंदोबस्ताला पाठवलं. छाया एकटी गेली. त्या बाईचं अंगावर पिणारं मूल होतं. बाईची आई ते मूल घेऊन दवाखान्यात आली. मूल रडत होतं, म्हणून त्याला पाजायला बाईला एका खोलीत बसवलं. थोड्या वेळाने पाहिलं तर बाई नाही, मूल नाही, मागचं दार उघडं. आठवड्याच्या आत ती बहिणीकडे सापडली. तसं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण बातमी छापून आली होती, आणि साहेबांना वरून फोन आले होते.

साहेबांना छाया नोकरीत नको होती. मी कागद पाहिले आणि त्यांना सांगितलं, हे टिकणार नाही. दोघींच्या जागी एकीला पाठवलं ही आपलीच चूक आहे. फार तर एक वेतनवाढ थांबवता येईल. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, “बघा मॅडम, काही होतंय का.” इतकंच. धमकी नाही, आमिष नाही. त्यामुळे मला कुणाकडे बोटही दाखवता येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी छाया माझ्या घरी आली. आम्ही लोणावळ्यात राहायचो. नवरा बाहेरगावी होता. घरी मी आणि वडील. वडिलांची कामशेतला भाताची गिरणी होती, ती विकून ते माझ्याकडे राहायला आले होते. छायाने दारातच त्यांना ओळखलं. तिचे वडील दरवर्षी भात घेऊन आमच्या गिरणीवर यायचे, लहानपणी तीही पोत्यांवर बसून यायची. वडिलांना कोण आनंद झाला. त्यांनी तिला वाडीतल्या एकेकाची खुशाली विचारली. ती ‘आबा, आबा’ करत सांगत होती. दारात आली तेव्हा तिचे खांदे ताठ होते, ते हळूहळू सैल पडताना मला दिसले.

मग वडील आत पडायला गेले, आणि ती माझ्याकडे वळली.

“ताई, चौकशीत मी काय सांगू? मला काय बी कळत न्हाई. तुमी आमच्याच वकील ना?”

इथे थांबते जरा.

उत्तर एका शब्दाचं होतं. ‘नाही.’ मला म्हणता आलं असतं — छाया, मी तुझी वकील नाही, मी समोरच्यांची आहे, माझ्याशी काही बोलू नकोस, दुसरा कुणी गाठ. माझ्या धंद्यातली ही अगदी पहिली गोष्ट. समोरच्याला आपण कोण ते सांगायचं. मी काय म्हणाले?

“बस गं. चहा ठेवते.”

तिला तो होकार वाटला. वाटणारच. तसा वाटावा म्हणूनच मी ते म्हणाले होते.

चहा पिता पिता तिने सगळं सांगितलं. ती त्या खोलीतच होती. पण मूल तोंड लावेना, आणि ती बाई खाकीसमोर पदर बाजूला घ्यायला संकोचत होती. “मला कसंतरीच झालं, ताई. मी भाईर जाऊन उभी ऱ्हायले. पाठ केली तिच्याकडं. दार लोटून घेतलं. नंतर पोर रडायचं थांबलं, म्हनलं पीत आसंल. हे मी कुनालाच सांगितलं न्हाई. समदे समजत्यात, मी डॉक्टरकडं कागद आणायला गेलते. सांगू का तसंच?”

मी म्हणाले, “मीही तेच केलं असतं.”

मी खरं बोलले होते. त्या दुपारी मी तिच्याशी बोललेलं तेवढंच खरं, आणि तेही तिने पुढे बोलावं म्हणून. तिचे डोळे भरून आले. काय सांगायचं ते मी तिला सांगितलंच नाही. विचार करू म्हणाले. जाताना ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. चौकशीत प्रश्न विचारण्याचं काम ज्या अधिकाऱ्याकडे होतं, त्यालाही बोलावून घेतलं. मी म्हणाले, डॉक्टरकडे गेली हे विसरा. तिला एवढंच विचारा, की मूल पीत असताना ती कुठे उभी होती आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला होतं. कामासाठी डॉक्टरकडे जाणं वेगळं आणि जाणूनबुजून पाठ फिरवणं वेगळं. दुसरं ठरलं, तर माणूस कमी दिला होता हा मुद्दा लंगडा पडतो. हे तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

चौकशीच्या दिवशी मी मागच्या खुर्चीत बसले होते. तो प्रश्न आला तेव्हा छायाने प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रस्ता विचारताना एखाद्याकडे पाहतात ना, तसं. मी मान खाली घातली. तिला खोटं बोलता आलं असतं, पुरावा तर कुठलाच नव्हता. पण ती म्हणाली, “व्हय साहेब. मी पाठ केली होती.”

तिला बडतर्फ केलं.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच धरून चालायला आवडायचं — पुष्कळ वकिलांनी हे केलं असतं, असं स्वतःला समजावता यायचं. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

छायाने वर अपील केलं. त्यात लिहिलं, की विधी अधिकारी मॅडमच्या घरी मी गेले होते, त्या आमच्याच वकील आहेत असं समजून मी मन मोकळं केलं, त्यांनी मला थांबवलं नाही. शब्दन् शब्द खरा. अपिलावर आमचं म्हणणं मागवलं गेलं. साहेबांनी दार लावून घेतलं आणि मला विचारलं, “ही तुमच्या घरी आली होती?”

सरळ प्रश्न होता. ते माझ्याकडे बघत होते. मला आजही वाटतं, मी हो म्हटलं असतं तर त्यांनी ते ऐकून घेतलं असतं.

मी म्हणाले, “नाही सर. ती माझ्या घरी कधीच आलेली नाही.”

आणि मग तेच वाक्य मी माझ्या हाताने उत्तरात लिहिलं. अपील फेटाळताना वरिष्ठांनी म्हटलं, की कर्मचारी निष्काळजी तर आहेच, शिवाय स्वतःचा बचाव करायला एका महिला अधिकाऱ्यावर खोटे आरोप करते. छाया त्या दिवसापासून खोटारडी ठरली. कार्यालयात बायका मला येऊन म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका मॅडम, लोक कसे असतात. मी वाईट वाटून घेतल्यासारखं केलं.

वडिलांनी पुढे काही दिवसांनी विचारलं, “ती वाडीची पोरगी परत नाही आली?” मी सांगितलं, तिची बदली झाली. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि रेडिओ लावला.

मला मुदतवाढ मिळाली. आणखी दोनदा मिळाली. मग मीच ते काम सोडलं. त्याचं कारण छाया होती असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नव्हतं. बाहेर कामं बरी मिळत होती.

मागच्या वर्षी आंबीला एका कारखान्यात कामगार कायद्यावर बोलायला गेले होते. फाटकावर सुरक्षारक्षकांच्या निळ्या कपड्यांत छाया उभी होती. केस पांढरे झालेत. तिने मला ओळखलं. गाडीत डोकावून डिकी उघडायला सांगितली, पाहिली, बंद केली. मी काच खाली घेतली आणि म्हणाले, “छाया.”

ती म्हणाली, “गाडी डाव्या हाताला लावा, मॅडम.”

ताई नाही. मॅडम.

मी गाडी डाव्या हाताला लावली. आत जाऊन तासभर बोलले, नोकरीतल्या माणसाला आपलं म्हणणं मांडायचा हक्क असतो, या विषयावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना फाटकावर दुसरा माणूस होता. मी तिची चौकशी केली नाही. गाडी थांबवली नाही.

ते अपील अजून कुठल्यातरी कपाटात असेल. त्यात माझं वाक्य असेल, आणि त्याखाली माझी सही. ते वाक्य खोटं आहे. छाया माझ्या घरी आली होती. माझ्या खुर्चीत बसून तिने माझ्या हातचा चहा घेतला होता, आणि जे तिने अपिलात लिहिलं, ते सगळं तसंच घडलं होतं.