तालिनच्या गल्लीत मारलेली हाक

कोपनहेगनच्या कालव्याकाठी आमच्या यांनी एका पिवळ्या घराच्या निळ्या दाराचा फोटो काढला. मग आम्ही पूल ओलांडून पलीकडे गेलो, आइस्क्रीम खाल्लं आणि आल्या वाटेनं परत निघालो. त्या दारापुढे आल्यावर ते थबकले.

“थांब वं,” ते म्हणाले. “हे दार पाह्य. काय निळा हाय! असा निळा आपल्या सुतावर चढत नाही.”

हेच वाक्य, याच शब्दांत, ते मघाशी बोलले होते. मला वाटलं थट्टा करताहेत, म्हणून मी हसले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, एक पाय मागे घेतला, श्वास रोखला आणि फोटो काढला. चेहरा असा खुलला होता की पहिल्यांदाच पाहत असावेत. माझं हसू तोंडातच राहिलं.

“मघाशी काढला ना याचा,” मी म्हटलं.

“कोणाचा?”

“या दाराचा.”

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग कॅमेऱ्याचं झाकण लावत म्हणाले, “हो, हो. उजेड बदलला ना आता.”

उजेड बदललेला नव्हता. आकाश सकाळपासून तसंच राखाडी होतं.

ही सहल आमच्या मुलीनं ठरवून दिली होती. मी शाळेतून निवृत्त झाले होते, आणि हे नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कापड कारखान्यातून. त्यांचं घराणं विणकरांचं. आजोबा-पणजोबा हातमागावर बसायचे. यांनी कारखान्यात कापडावरची नक्षी आखायचं काम केलं. नजर मात्र घराण्याचीच. निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला आणि उत्तर युरोपातल्या जुन्या शहरांची चित्रं पाहण्याचा नादच लागला. तिथल्या घरांच्या माथ्याला पायऱ्यापायऱ्यांचा कंगोरा असतो. ते पाहिलं की म्हणायचे, “हे पाह्य, करवती काठ! आपल्या लुगड्याचा काठ त्यायनं भिंतीले लावला.” म्हणून मुलीनं जहाजाची सहल निवडली. सामान एकाच खोलीत ठेवायचं, रोज नवं शहर पाहायचं, संध्याकाळी परत आपल्या खोलीत. म्हाताऱ्या माणसांना सोयीचं, असं ती म्हणाली.

त्या दारापुढे उभी असताना मला नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीतली एक दुपार आठवली. हे मागच्या गल्लीतल्या दुकानात दही आणायला गेले होते. बराच वेळ झाला म्हणून मी पाहायला निघाले, तर दोन गल्ल्या सोडून एका अनोळखी फाटकाशी उभे होते, हातात दह्याची पिशवी. “ऊन लागलं,” म्हणाले. नागपूरच्या मे महिन्यात हे कारण कोणालाही पटतं. मलाही पटलं होतं. पटवून घेतलं होतं म्हणा.

कोपनहेगनहून जहाज निघालं आणि दुसरा दिवस सगळा समुद्रातच गेला. आम्ही देशाच्या मधोमध राहणारी माणसं. समुद्र आम्हाला पाहुण्यासारखा. चोहीकडे शिशासारखं पाणी. पण मला पाण्याचं भय वाटत नव्हतं. मला भय वाटत होतं जहाजाच्या आतल्या लांबलचक बोळांचं. दोन्ही बाजूंना सारखीच दारं, सारखाच गालिचा, सारखेच दिवे. जेवून परत येताना मी मुद्दाम मागे राहिले. आमच्या खोलीवरून ते सरळ पुढे गेले आणि भलत्याच दाराला कार्ड लावू लागले. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं. पुन्हा लाल. त्यांनी दाराला हळूच खांदा लावून पाहिला.

“इकडं, अहो,” मी म्हटलं.

ते वळले तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं, पण कार्ड त्यांनी पाठीमागे लपवलं. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

त्यानंतर मी एक केलं. त्यांचा फोन आणि कागदपत्रं स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. “तुमच्या हातात कॅमेरा राहते, खिशातून पडन,” असं कारण सांगितलं. त्यांच्याकडे राहिलं फक्त जहाजाचं कार्ड. मला वाटलं, मी फार सावधपणा केला.

तिसऱ्या दिवशी तालिन आलं. बंदरात आमच्या जहाजाएवढीच आणखी जहाजं लागलेली होती, उंच इमारतींसारखी. आमच्या गटाची गाईड एक सडसडीत, पिकल्या केसांची बाई होती. हातात हिरवी पाटी. “ही पाटी सोडू नका,” ती इंग्रजीत म्हणाली. बसनं आम्हाला वरच्या जुन्या शहरात सोडलं. दगडी फरसबंदी, जाड तट, टोकदार लाल टोप्या घातलेले बुरूज. यांच्या अंगात वारं शिरलं. खिडकीचे कोयंडे, दारावरचे खिळे, दिव्यांचे लोखंडी हात, सगळ्यांचे फोटो. मी मात्र शहर पाहिलंच नाही. मी त्यांची तपकिरी टोपी पाहत होते. ती डावीकडे गेली की मी डावीकडे.

एका सज्ज्यासारख्या जागेवर सगळे थांबले. खाली लाल कौलांचा पसारा, पलीकडे समुद्र. गर्दी मावत नव्हती. चार-पाच गट एकाच वेळी तिथे आलेले. एका परदेशी जोडप्यानं माझ्यापुढे फोन धरला आणि खुणेनं विचारलं, फोटो काढाल का? नाही कसं म्हणणार? मी फोन घेतला. दोघांना चौकटीत बसवलं. बाईचे केस वाऱ्यानं तोंडावर येत होते, म्हणून पुन्हा एक काढला. फोन परत दिला आणि वळले.

टोपी नव्हती.

आधी मी कठड्याशी पाहिलं. मग झाडाखाली, मग खेळणी विकणाऱ्या दुकानाच्या दाराशी. आमचा गट होता, हिरवी पाटी होती, हे नव्हते. मी गाईडला गाठून सांगितलं, “माझे पती दिसत नाहीत.” ती म्हणाली, असतील इथेच, फोन लावा. मी पर्स उघडली. दोन्ही फोन आत शेजारी शेजारी होते.

“त्यांचा फोटो आहे का?” तिनं विचारलं.

फोटो! माझ्या फोनमध्ये त्यांचे ढीगभर फोटो होते. मी एकेक सरकवत गेले. प्रत्येकात त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावलेला. टोपी दिसायची, हात दिसायचे, हनुवटी दिसायची. चेहरा कुठेच नाही. माझा नवरा कसा दिसतो हे त्या बाईला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. शेवटी मुलीनं नागपूर विमानतळावर काढलेला एक सापडला.

तिनं तो आपल्या फोनवर घेतला आणि कुठेकुठे पाठवला. मग माझ्या दंडाला धरून सावकाश म्हणाली, “गटाला बसकडे न्यावं लागेल. जहाज संध्याकाळी सुटतं, ते कोणासाठी थांबत नाही. तुम्ही चला. कदाचित ते परस्पर बंदरावर गेले असतील.”

“आणि गेले नसले तर?”

तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“मी नाही येत,” मी म्हटलं. इतकं सरळ इंग्रजी मी आयुष्यात बोलले नव्हते. तिनं माझ्याकडे पाहिलं, पाटी दुसऱ्या गाईडच्या हातात दिली, गट तिच्या हवाली केला आणि माझ्याजवळ थांबली. “तुम्ही या उतारानं खाली जा,” म्हणाली. “मी वरचे चौक पाहते. खालच्या फाटकाशी भेटू.”

उताराची गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना उंच भिंती, पायाखाली गुळगुळीत दगड. मी जवळजवळ धावतच होते. प्रत्येक कमानीत डोकावत होते आणि मनात नको नको ते येत होतं. ते कोणाला काय सांगतील? जहाजाचं नाव आठवेल का? आमच्या शहराचं? त्यांच्या रक्तदाबाच्या दुपारच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या. मी त्यांना हाक मारली, “अहो! अहो!”

कोणी वळून पाहिलं नाही. कसं पाहणार? ते शब्द त्या गल्लीत नुसताच आवाज होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना कधी नावानं हाक मारलेली नाही. आमच्यात बायका मारत नाहीत; आणि पुढे दिवस बदलले तरी माझी जीभ वळली नाही. त्या दिवशी मी भिंतीला हात टेकला, श्वास घेतला आणि त्यांचं नाव घेऊन ओरडले. एकदा, दोनदा, मग मोजणं नाहीच. माझ्याच कानांना ते परकं वाटलं, जणू दुसऱ्याच कुणाला बोलावतेय. समोरून येणारी माणसं बाजूला झाली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. वरच्या खिडकीतून एक बाई वाकली. नाव भिंतींवर आपटून माझ्याकडेच परत येत होतं, आणि त्याला ओ देणारा कोणी नव्हता.

खालच्या फाटकाशी पोचले तेव्हा गाईडही समोरून धावत येत होती. हात उंच करून फोन दाखवत होती.

“सापडले! बंदरावर आहेत. दुसऱ्या जहाजाच्या बसमध्ये बसले होते.”

तिनंच मला टॅक्सीत बसवलं. वाटेत कळलं ते असं, की दुसऱ्या जहाजाच्या गटालाही हिरवी पाटी होती. हे ती पाटी पाहून त्यांच्यामागे चालत गेले, बसमध्ये चढले. बंदरावर माणसं मोजताना एक जास्त भरला.

बंदराच्या फाटकाजवळ लोखंडी बाकावर ते बसले होते. मांडीवर कॅमेरा, दोन्ही हात त्यावर. शेजारी एक पहारेकरी उभा. मला पाहून ते उठले नाहीत.

“कुठं गेली होती वं?” ते म्हणाले. “मी इथं वाट पाहून राहिलो.”

मला रागही आला आणि रडूही. मी त्यांच्या खिशातून रुमाल काढला आणि त्यांचा चेहरा पुसला. गाईडचे आभार मानायला वळले, तर ती दुसऱ्या बसकडे निघालीसुद्धा होती.

खोलीत आल्यावर त्यांनी बूट काढले, पलंगाच्या कडेवर बसले. खिडकीबाहेर बंदर मागे सरकत होतं.

“हिरवी पाटी दिसली, मी मागं मागं गेलो,” ते खाली पाहत म्हणाले. “बसमध्ये तू दिसली नाही. म्हटलं, असन मागं. मग एकेकाचं तोंड पाहिलं, तर कोणीच आपलं नाही. तवा मले समजलं का मले समजून नाही राहिलं.”

“असू द्या. सापडले ना तुम्ही.”

“तसं नाही. आजचं नाही हे. लय दिवसांपासून होऊन राहिलं. कामावर होतो तवाच बुटीबोरीहून यायचा रस्ता दोनदा चुकलो, तुले सांगतलं नाही. भेव वाटलं.”

“मलेही वाटलं,” मी म्हटलं. “मीही बोलली नाही.”

जहाजाचं इंजिन पायांखाली घरघरत होतं. इतके महिने एका घरात दोन माणसं एकच भीती वेगवेगळ्या उशांखाली घेऊन झोपत होती, हे तेव्हा उघड झालं. त्यानं ती कमी झाली नाही. उलट आता तिला नाव द्यावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी स्टॉकहोमला जहाज लागलं तेव्हा ते म्हणाले, “आज नाही उतरत.” मला खरं तर सुटल्यासारखं झालं. पण ते काचेला टेकून बसले आणि काचेतूनच शहराचे फोटो काढू लागले. काचेत त्यांचंच प्रतिबिंब पडत होतं. मला ते पाहवेना. मी त्यांचे बूट आणून पुढे ठेवले.

जुन्या शहरात आम्ही हात धरून फिरलो, नव्या लग्नातही कधी फिरलो नव्हतो तसे. फोटो काढायला त्यांना हात सोडवावा लागायचा, तेव्हा मी त्यांच्या कोटाची मागची बाजू मुठीत धरायची. लोक पाहत होते, पाहू देत. एका चौकात तांबड्या आणि पिवळ्या घरांच्या माथ्याकडे पाहून ते म्हणाले, “हे काढलं का आपण?”

काढलं होतं. दोनदा.

“नाही,” मी म्हटलं. “काढा.”

नागपूरला परतल्यावर धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. बाहेर गडचिरोली, यवतमाळहून आलेली माणसं डबे उघडून बसली होती. आत डॉक्टरांनी यांना घड्याळ काढायला सांगितलं, वस्तू ओळखायला सांगितल्या, मग तपासण्या करवल्या. पुढच्या खेपेला त्यांनी खुर्ची जवळ ओढली तेव्हाच मला कळलं. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, औषधानं वेग कमी राहू शकतो. किती कमी, हे त्यांना सांगता येत नव्हतं. आमच्या यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “कॅमेरा चालवता येईन ना?” डॉक्टर म्हणाले, “रोज चालवा.”

परतताना ऑटोत ते बाहेरची दुकानं पाहत होते. मग एकदम म्हणाले, “तुले ओळखलं नाही तं, मंग?”

या प्रश्नाला मी जहाजापासून घाबरत होते.

“मी ओळखीन ना तुम्हाले,” मी म्हटलं. आणि तोंड बाहेर वळवलं.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुढे वाकून ते ऑटोवाल्याला म्हणाले, “समोरून डावीकडं घे गा.” मी रस्ता पाहिला, दुकानं पाहिली, मनातल्या मनात वळणं लावून पाहिली.

घर डावीकडेच होतं.