स्टुलाचा लोखंडी स्क्रू

मावशींचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. पाचला त्या प्रयोगशाळेच्या तळघरात हजर. लिफ्ट आणि रस्ता जागा व्हायच्या आत तिथली फरशी पुसून झाली पाहिजे, असा नियम. त्या खोलीतलं यंत्र केसाहून बारीक कणातल्या चुंबकाचा जोर टिपून त्याचं चित्र काढायचं. चित्र रात्रभर ओळीओळीने भरत जाई. म्हणून आत लोखंड न्यायचं नाही. किल्ल्या, पिना, आकडे मावशी दाराबाहेरच्या लाकडी डब्यात काढून ठेवत. बावीस वर्षांत त्यांनी एक कोपरा चुकवला नाही. मी तिथला मिस्त्री. बोट फिरवून पाहिलंय.

एकदा चित्रात रोज एक वाकडा पट्टा उमटू लागला. त्या ओळींची वेळ पहाटे सव्वापाचची. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं.

"मावशी, तुम्ही आत असतानाच बिघडतंय. चष्म्याची फ्रेम स्टीलची ना?"

"अकरा वर्षं हीच आहे, मॅडम. आत्ताच काय खोडी सुचली तिला?"

"महिनाअखेरपर्यंत थांबलं नाही, तर तुम्हाला जिन्यांचं काम द्यावं लागेल."

मावशींचे गुडघे जिन्यांचे राहिले नव्हते. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मिस्त्री, चष्मा काढून गेले तर फरशी सोडून यंत्रच पुसून येईन."

मी हसलो आणि हसताहसताच आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी तिथल्या लाकडी स्टुलाचा पाय मी दुरुस्त केला होता. पितळी स्क्रू संपलेले. भांडार दोन जिने वर. हाताशी लोखंडी होता, तोच पिळला. मावशी पुसताना ते स्टूल यंत्राकडे सरकवत, मग परत जागेवर ठेवत.

तेव्हाच बोलायला हवं होतं. निवृत्तीला सात महिने होते. चार दिवस गप्प राहिलो. शुक्रवारी वर जाऊन पितळी स्क्रू आणला, बदलला. जाऊन-येऊन दहा मिनिटं.

सोमवारी चित्र स्वच्छ आलं. मावशी प्लास्टिकचा नवा चष्मा लावून आल्या होत्या.

"बघा मिस्त्री, चष्माच निघाला चोर! मी उगीच मॅडमना उलटून बोलले. आत्ताच माफी मागून आले."

"आणि कवळी?"

"पाव चहात बुडवला की झालं."

"चष्मा शोभतो तुम्हाला," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.

दोन वर्षं जादा पाळ्या करून कवळीसाठी साठवलेल्या पगारातून तो चष्मा आला होता.